कोवळ्या वयातील खुब्याची झीज

सांध्याची झीज हा उतारवयाचा विकार, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु आमच्या अस्थिरोग विभागात १४-१५ वर्षांची लंगडणारी मुलेही येतात, आणि त्यांतील काहींचे क्ष-किरण चित्र साठीच्या माणसाचे वाटावे असे असते.

या वयात झीज सहसा आपोआप होत नाही. तिच्यामागे बहुधा जुना दोष असतो. खुबा हा उखळीचा सांधा. उखळ लहानपणापासून उथळ असेल, तर शरीराचा भार तिच्या काठावर एकवटतो आणि तेथील कूर्चा विरू लागते. पर्थेस या विकारात मांडीच्या हाडाच्या गोलाचा रक्तपुरवठा खंडित होऊन तो चपटा होतो. सिकलसेलच्या रुग्णांतही, आणि विदर्भात असे रुग्ण पुष्कळ आहेत, हा गोल रक्ताअभावी ढासळू शकतो. ऐन वाढीच्या वयात, विशेषतः वजनदार मुलांत, गोल आपल्या जागेवरून घसरतो.

या घसरणीची खूण मोठी फसवी आहे. दुखणे खुब्याचे, पण मूल गुडघ्यावर हात ठेवते, कारण दोन्ही सांध्यांच्या संवेदना काही समान मज्जातंतूंतून जातात. मग गुडघ्याचे चित्र काढले जाते, ते निर्दोष निघते आणि मलम चोळण्यात महिने लोटतात. वेळीच कळल्यास बहुतेक वेळा एका स्क्रूने घसरण थांबते.

उथळ उखळीसाठी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे राइनहोल्ड गांझ यांनी १९८४ मध्ये एक शस्त्रक्रिया सुरू केली. तीत उखळीभोवतीचे हाड छेदून उखळ मोकळी करतात, गोलावर नीट छत्र धरील अशी फिरवतात व स्क्रूंनी पक्की करतात. मात्र उखळीतील वाढ थांबलेली आणि कूर्चा शिल्लक असली पाहिजे.

कूर्चा संपल्यावर कृत्रिम सांध्याचा विचार करावा लागतो. आजचे सांधे टिकाऊ असले, तरी १५ वर्षांच्या मुलाला पुढे तो बदलावा लागण्याचा संभव मोठा, हे पालकांना आधीच स्पष्ट सांगावे लागते. तरीही वेदनेने रात्रभर तळमळणाऱ्या मुलाला केवळ वय लहान म्हणून परत पाठविणे आम्हांस योग्य वाटत नाही.

पालकांना एक विनंती. तपासणीस येताना मुलाची जुनी क्ष-किरण चित्रे सोबत आणावीत. झीज किती वेगाने होत आहे, हे त्यांच्याशी ताडून पाहिल्यावरच नीट कळते.