झिंकच्या गोळीचा हिशेब

सकाळी ९:००
पुण्यातल्या आमच्या खोलीत ना रुग्ण, ना प्रयोगशाळा. मुलांच्या जुलाबात झिंकने किती फरक पडतो, हा आमचा प्रश्न. जलसंजीवनीच्या जोडीला १० ते १४ दिवस रोज २० मिलिग्रॅम झिंक, सहा महिन्यांखालच्या बाळाला १०, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २००४ मध्ये दिला. फायदा नेमका किती, कोणाला आणि त्रास काय, हे मोजायचं ते जगभरच्या चाचण्या एकत्र करून. कोणत्या चाचण्या घ्यायच्या, कोणते परिणाम पाहायचे, हे आधीच ठरवून ‘प्रॉस्पेरो’ या नोंदणीत टाकलं आहे. आकडे दिसले की नियम वाकवायचा मोह होतो. नोंद झाली की तो लपत नाही.

९:३०
आमचा मूळ शोध जुना झाला, म्हणून छापण्याआधी तो पुन्हा चालवायचा. ग्रंथपाल मॅडम पबमेड, एम्बेस आणि सेंट्रल या संशोधन-लेखांच्या डेटाबेसमध्ये तीच शब्दरचना घालतात. मग भारताची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री. छापून न आलेल्या चाचण्यांचा पत्ता तिथे लागतो. फायदा न दिसलेली चाचणी पुष्कळदा उशिरा छापली जाते किंवा छापलीच जात नाही. नुसत्या छापील कागदांवर विसंबलं, तर औषध आहे त्याहून गुणी ठरतं.

११:००
दुबार नोंदी काढून स्क्रीनिंग. शीर्षक आणि गोषवारा वाचायचा, आत की बाहेर ते ठरवायचं. हे तांदूळ निवडण्यासारखंच, फक्त दोघांनी एकमेकांचं ताट न बघता. उंदरांवरचे प्रयोग, न्यूमोनियावरचे लेख, संपादकीयं बाहेर. शंका असेल, तर पूर्ण लेख मागवायचा.

दुपारी १:३०
डबे उघडतात, तसे मतभेदही.
“मॅडम, लेखात रँडमाइज्ड लिहिलंय.”
“लिहिलंय हो, पण गट पाडलेत सम-विषम तारखेवरून. उद्या कोणता गट येणार, हे डॉक्टरला आजच ठाऊक. जरा बरं दिसणारं मूल तो एक दिवस थांबवून घेईल.”
आधी नोंदवलेल्या आमच्या प्रोटोकॉलमध्ये अशा चाचणीला जागा नाही. कारण लिहून ती वगळली. एकमत झालं नसतं, तर तिसऱ्याने निवाडा दिला असता.

३:००
आत घेतलेल्या लेखांतून आकडे काढणं. कुणी जुलाबाचा काळ तासांत देतं, कुणी दिवसांत. कुणी सरासरी देतं, पण आकड्यांचा पसारा किती ते सांगतच नाही. मग लेखकाला ईमेल. दोन लेखांत एकच रुग्णालय, तेच महिने, मुलांची संख्याही तीच. नोंदणी क्रमांक ताडून पाहिला, तर चाचणी एकच. दोनदा मोजली असती, तर त्याच मुलांचं वजन दुप्पट झालं असतं.

४:३०
फॉरेस्ट प्लॉट. प्रत्येक चाचणीचा एक चौकोन, वजन जास्त तसा मोठा. त्यातून जाणारी आडवी रेघ जितकी लांब, तितकी अनिश्चितता मोठी. खाली सगळ्यांचा मिळून एक हिरा. सहा महिन्यांखालची बाळं वेगळी मोजायची. सरसकट बेरीज केली, तर त्यांचं उत्तर मोठ्या मुलांच्या आकड्यांत बुडतं.

५:३०
शेवटी ग्रेड पद्धत: पुराव्याची खात्री उच्च, मध्यम, कमी की अत्यंत कमी. चाचण्या सदोष असतील किंवा त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नसतील, तर पायरी उतरते. कॉक्रेन या संस्थेच्या आधीच्या आढाव्यात सहा महिन्यांवरच्या मुलांचा जुलाब झिंकने सरासरी सुमारे अर्धा दिवस लवकर थांबल्याचं दिसलं, तेही कमी खात्रीने. त्याखालच्या बाळांना बहुधा फायदा नाही. उलट्या मात्र दोन्ही गटांत वाढतात. म्हणून आमच्या तक्त्यात उलट्यांची ओळ फायद्याच्या लगेच खाली आहे. गोळी लिहून देणाऱ्याने आईला दोन्ही सांगायला हवं.

६:१५
फाइल बंद. उद्या सहकारी माझे आकडे मूळ लेखांशी ताडून पाहील, मी त्याचे.