पडद्यावरचा खेळ आणि पाटीवरचा धडा

मूल शिकण्याच्या हेतूने खेळत नाही. परंतु खेळता खेळता ते जे शिकते ते सहसा विसरत नाही. विटीदांडूच्या डावात आपण सर्वांनी 'वकट, लेंड, मूंड, नाल' असे मोजलेले आहे. हे शब्द मराठी अंकांचे नव्हेत. 'लेंड' आणि 'मूंड' यांच्यामागे तेलुगूतील 'रेंडु' आणि 'मूडु' उभे आहेत, तर 'नाल' म्हणताना कन्नडमधील 'नाल्कु'ची आठवण होते. कोणी पंतोजींनी न शिकवता, कसल्याही पाठ्यपुस्तकावाचून, दक्षिणेकडील शेजाऱ्यांची अंकमोजणी मराठी मुलांच्या ओठी पिढ्यान्‌पिढ्या राहिली, ती केवळ एका खेळाच्या बळावर. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि मोबाईलवर इंग्रजी अशा त्रिवेणीत वाढणाऱ्या आमच्या बेळगाव-निपाणी परिसरातील मुलांच्या संदर्भात ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

हा विषय काढण्याचे कारण असे की, अलीकडे कोणत्याही पालकसभेत मोबाईलवरील खेळांची तक्रार हटकून निघते. तक्रार रास्तही असते. परंतु त्याच वेळी जगभरातील शिक्षणतज्ज्ञ याच खेळांचा शाळेत साधन म्हणून उपयोग करावा, असे सांगत आहेत. या दोन टोकांच्या मतांमध्ये सामान्य पालकाने काय समजावे? मला वाटते, खेळ चांगला की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. खेळ कोणत्या गुणामुळे शिकवतो आणि ते शिकणे मुलाच्या पदरात पक्के कधी पडते, हे आधी पाहिले पाहिजे.

त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याकडील मोक्षपट हे या विचाराचे जुने उदाहरण आहे. परंपरा त्याचे कर्तृत्व श्री ज्ञानेश्वर महाराजांकडे देते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ग्रंथपाल वा. ल. मंजूळ यांनी या पटाचा मागोवा घेतला, तर डेन्मार्कमधील अभ्यासक जेकब श्मिट-मॅडसेन यांनी पश्चिम भारतातील अशाच ज्ञानपटांवर २०१९ साली कोपनहेगन विद्यापीठात प्रबंध सादर केला. या पटांवरील घरांना सद्गुणांची आणि दुर्गुणांची नावे असत. सद्गुणाच्या घरातून शिडी वर नेई, दुर्गुणाच्या घरातील साप खाली आणी आणि अखेरच्या घरी मोक्ष असे. हाच खेळ इंग्लंडात गेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे छापला जाऊ लागला. पुढे त्यातील घरांची नावे गळाली आणि नुसते आकडे उरले. आज आपली मुले सापशिडी खेळतात ती केवळ शर्यत म्हणून. साप तेच, शिड्याही त्याच. शिकवण मात्र निघून गेली. पडद्यावरच्या खेळांविषयी विचार करताना हा धडा विसरून चालणार नाही.

पडद्यावरच्या असे म्हटले खरे. तथापि शाळेत वापरल्या गेलेल्या आरंभीच्या संगणकीय खेळांपैकी सर्वांत प्रसिद्ध खेळाला पडदादेखील नव्हता. १९७१ साली अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात डॉन रॉविट्श नावाचा एक शिकाऊ शिक्षक आठवीच्या वर्गाला इतिहास शिकवीत होता. बैलगाड्यांतून पश्चिमेकडे निघालेल्या वसाहतकऱ्यांचा प्रवास मुलांना कसा समजावा, या विवंचनेत असताना त्याच्या बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर या दोन मित्रांनी संगणकासाठी एक आज्ञावली लिहून दिली. तोच 'ओरेगन ट्रेल' हा खेळ. मुलांनी यंत्रावर उत्तर टंकित करावयाचे आणि यंत्राने पुढची हकिकत कागदावर छापून द्यावयाची, असा तो प्रकार होता. चित्र नाही, आवाज नाही. हाती मोजके पैसे. त्यांत बैल किती घ्यावे, धान्य किती, कपडे किती, हे मुलांनीच ठरवावयाचे. हिशेब चुकला की वाटेत उपासमार ठरलेली. मग पुन्हा पहिल्यापासून आरंभ. इतिहास, भूगोल आणि व्यवहारी अंकगणित ही तिन्ही त्या एका कागदी पट्टीवर एकत्र नांदत होती. येथे विषय खेळावर वरून चिकटवलेला नव्हता. विषय हाच खेळाचा नियम होता.

शिक्षणासाठी खेळ निवडण्याची खरी कसोटी हीच होय. पुष्कळसे तथाकथित शैक्षणिक खेळ असे असतात की, एक बेरीज केली म्हणजे फुगा फुटतो आणि नाणी खणखणतात. मूल नाण्यांसाठी बेरजा उरकते. बेरीज म्हणजे काय हे त्याला समजतेच असे नाही. याउलट खेळात पुढे जाण्यासाठी बेरीज समजणेच आवश्यक असेल, तर मूल ती आपण होऊन शिकते. शिवाय यंत्र रागावत नाही, चारचौघांत हसत नाही, आणि शंभराव्या वेळीही तितक्याच शांतपणे उत्तर देते. वर्गात हात वर करण्यास भिणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ही लहानसहान गोष्ट नव्हे.

कर्नाटकातील सरकारी शाळांना ही कल्पना नवखी नाही. १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात 'नलि-कलि' म्हणजे 'आनंदाने शीक' ही पद्धती सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. पहिली ते तिसरीच्या अभ्यासाचे तीत लहान लहान टप्पे केलेले असतात. प्रत्येक टप्प्याचे कार्ड असते आणि भिंतीवर 'कलिका एणी' अर्थात शिकण्याची शिडी लावलेली असते. मूल आपल्या गतीने एकेक पायरी चढते. गैरहजर राहिले तर जेथे थांबले होते तेथूनच पुढे निघते. मोबाईलवरील खेळातील 'लेव्हल' याहून निराळी ती काय? याच राज्यातील अक्षरा फाउंडेशन या बेंगळुरूच्या संस्थेने शालेय गणितावर 'बिल्डिंग ब्लॉक्स' नावाचे विनामूल्य अॅप तयार केले आहे. ते साध्या मोबाईलवर चालते, आणि आपल्या दृष्टीने विशेष म्हणजे कन्नडप्रमाणेच मराठीतही उपलब्ध आहे.

आता अडचणींचा विचार केला पाहिजे. निपाणी भागात तंबाखूच्या आणि विड्यांच्या कामावर पुष्कळ घरांची चूल पेटते. अशा घरी बहुधा एकच मोबाईल असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. २०२० साली शाळा बंद पडल्या, तेव्हा 'विद्यागम' योजनेखाली शिक्षक गल्लोगल्ली, देवळाच्या ओवरीत मुलांना गोळा करून शिकवीत होते, ते याच कारणास्तव. यंत्राच्या भरवशावर शाळा सोपवली, तर ज्याच्या घरी यंत्र नाही तो मागे पडणार. दुसरी अडचण लोभाची. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांनी कित्येक संसारांचे वाटोळे केले; २०२५ साली संसदेने कायदा करून त्यांवर बंदी घातली. तथापि कायदा दारापर्यंत येतो, अंथरुणातल्या मोबाईलपर्यंत आईबापांनाच पोचावे लागते.

तिसरी अडचण भाषेची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. मुलांना आवडणारे बहुतेक खेळ इंग्रजीतून येतात. मूल त्यातील आज्ञा खुणेने ओळखते, बोटे भराभर चालवते, जिंकतेही. परंतु 'काय केलेस रे?' असे विचारले तर त्याला सांगता येत नाही. जे सांगता येत नाही ते अर्धेच समजलेले असते. माझ्या शाळेत आम्ही दोन मुलांमागे एक मोबाईल आणि वीस मिनिटे, असा नियम ठेवला. एकाने खेळावे, दुसऱ्याने पाहून सांगावे आणि मग जागा बदलावी. त्यानंतर मोबाईल कपाटात जातो आणि जे केले ते पाटीवर मांडून वर्गाला मराठीत समजावून द्यावे लागते. चौथीतील एका अबोल मुलीने अपूर्णांकांचा खेळ असा समजावला: "गुरुजी, भाकरीचे तुकडे जास्त केले की तुकडा लहान होतो, पण खालचा आकडा मोठा होतो." छेदाची याहून सुबोध व्याख्या मी इतक्या वर्षांत केली नव्हती. खेळाने तिला वाट दाखवली. परंतु भाकरी तिच्या घरची होती आणि भाषाही.

महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांसाठी येथेच एक सोपी युक्ती आहे. बडोदे असो, इंदूर असो, हैदराबाद असो, मुलांची शाळा आणि खेळ बहुधा परभाषेतच असणार. त्याबद्दल खेद करीत बसण्यात अर्थ नाही. खेळ संपल्यावर दहा मिनिटे मुलाजवळ बसावे आणि विचारावे: कुठे अडलास? पहिल्यांदा काय करून पाहिलेस? मग काय सुचले? या प्रश्नांची उत्तरे मराठीतून काढून घ्यावीत. शब्द अडला तर आपण पुरवावा. इंग्रजी शब्द आला तर अडवू नये. 'वकट-लेंड'ही एके काळी परभाषेतूनच आले आणि आपले झाले. आजोबा-आजी घरी असतील तर त्यांना श्रोते करावे. न समजणाऱ्याला समजावून देण्यात मुलाची बुद्धी जितकी घासली जाते तितकी दुसऱ्या कशानेही नाही.

मोक्षपटावरील घरांची नावे गळाली आणि उरली ती शर्यत. आपल्या मुलांच्या हातातील खेळांना अर्थाची नावे पुन्हा द्यावयाची असतील, तर ती कोणताही कारखाना छापून देणार नाही. ती आपल्यालाच, आपल्या भाषेत, मुलांशी बोलून द्यावी लागतील.