बालवीरांचे शिबिर आणि घरची माणसे

समुद्रकाठच्या आमच्या वाचकांस पांढुर्णा हे नाव ठाऊक असते ते बहुधा एकाच कारणाने. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून पांढुर्णा व सावरगाव येथील लोक परस्परांवर दगडांचा वर्षाव करतात. त्या गोटमारीची छायाचित्रे व जखमींचे आकडे वृत्तपत्रांत झळकतात आणि मग वर्षभर त्या मुलखाची कोणास आठवण राहत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिलेला, परंतु घरी-दारी मराठी बोलणारा हा पट्टा. २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा व सौंसर या तहसिलींचा नवा जिल्हा अस्तित्वात आला. भारत स्काऊट्स आणि गाईड्स या संस्थेची रचना जिल्हा संघांवर उभी असल्यामुळे तेथील बालवीर व वीरबाला यांच्या शिबिरांचा विचार मुळापासून करण्यास हा काळ योग्य आहे.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राऊन्सी बेटावर बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलांचे पहिले शिबिर भरविले, त्यात आईबापांस स्थान नव्हते. मुलाने आपले अंथरूण आपण घालावे, आपली चूल आपण पेटवावी, हाच त्यातला हेतू. मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनी १९१८ मध्ये सेवा समितीच्या बालवीर संघाद्वारे ही चळवळ भारतीय मातीत रुजविली, तेव्हाही हा दंडक बदलला नाही. तो चूक आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु पाच ते दहा वर्षांच्या कब व बुलबुल यांस तो जसाच्या तसा लावणे शहाणपणाचे नव्हे, आणि जेथे मुलीला एक रात्र घराबाहेर ठेवण्यास घर कचरते तेथे तर नव्हेच.

शिवाय या मुलखात उघड्यावरच्या संसाराची विद्या घरातच आहे. बालवीरांच्या अभ्यासक्रमात भांड्यावाचून स्वयंपाक शिकविला जातो. वैदर्भीय वळणाच्या घरांत रोडगे करतात, ते याहून निराळे काय आहे? जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे, राख झटकायची, तूप सोडायचे आणि वांग्याच्या भाजीशी झाडाखाली बसून खायचे. निखारा केव्हा तयार झाला हे आजीबाई नुसत्या नजरेने सांगतात. नवख्या शिक्षकास पुस्तक उघडावे लागते. अशा आजीबाईस शिबिराच्या एखाद्या दुपारी सन्मानाने बोलवावे. तंबू ठोकणे व गाठी मारणे मुलांनी तिला दाखवावे, म्हणजे देवाणघेवाण पुरी होईल.

अडचण वेळेची आहे. काळी जमीन पावसात फुगते, खुंटी धरत नाही, तंबूभोवती चर खणले तरी चिखल आत येतोच. म्हणून शिबिर दिवाळीनंतरच. नेमकी तेव्हाच कापसाची वेचणी आणि आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड चालू असते. आठवडाभर हात रिकामा असलेला पालक मिळणे नाही. तेव्हा पूर्ण मुक्काम मुलांचा आणि एकच दिवस कुटुंबाचा, ही वाटणी व्यवहार्य दिसते.

सुरक्षिततेबद्दल किनाऱ्यावरच्या माणसाने दोन शब्द बोलण्याचा अधिकार दुःखाने मिळविला आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. कन्हान ही समुद्र नव्हे हे खरे. पण नदीतले डोह वरून दिसत नाहीत. जागा निवडताना त्या काठचा नावाडी, कोळी वा गुराखी यांस आधी विचारावे, मुलांची मोजणी पाण्याकडे जाताना व परतताना करावी, आणि मुलींच्या पथकाबरोबर शिक्षिका असल्याशिवाय मुक्काम ठरवूच नये. आया एकदा स्वतः जागा पाहून गेल्या की पुढच्या वर्षी संमतिपत्रासाठी दार ठोठवावे लागत नाही.

गोटमार बंद करा असा उपदेश दुरून करणे सोपे आहे. रबरी चेंडूंचा पर्यायही तेथे आजमावला गेला आणि टिकला नाही. त्या खेळात कित्येकांनी प्राण गमावले आहेत. ज्या पात्रात बारा वर्षांचा मुलगा वर्षातून एकदा दगड वेचावयास शिकतो, त्याच पात्रात पाणी ओसरल्यावर दोरीचा पूल बांधावयास व जखमेवर पट्टी बांधावयास त्याने शिकावे, आणि ते त्याच्या बापाने काठावर उभे राहून पाहावे, एवढी मागणी अवाजवी नाही. त्यासाठी राज्याच्या तिजोरीकडे डोळे लावण्याचेही कारण नाही. चळवळीचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र याच सातपुड्यात पचमढीस आहे. तेथे दोन-चार तरुण शिक्षकांस पाठविणे जिल्ह्यास जड जाऊ नये.

आमच्या किनाऱ्यावरील शाळांच्या पथकांनीही एखादा हिवाळा तिकडे काढावा. नागपूर-इटारसी लोहमार्गावर पांढुर्णा स्थानक आहे, आणि तिकडच्या मुलांशी बोलण्यास दुभाषा लागणार नाही. मात्र डिसेंबरातल्या तेथील रात्रींची कल्पना आमच्या मुलांना नसते; एका चादरीवर भागेल असे समजून कोणी निघू नये.