पेटीने आवाजाला वाट कशी द्यावी?

सप्ताहातले कीर्तन आपण सर्वांनीच ऐकले आहे. अभंगाचे चरण चालू असतात तेव्हा मृदंग, टाळ, पेटी सारे भरात असते. बुवा निरूपणाला तोंड उघडतात, आणि कोणी खूण न करता मृदंगाचा हात हलका होतो, टाळ छातीशी थांबतात, पेटीचा भाता जेमतेम हलत राहतो. वाक्य संपले की पुन्हा सारे वर येते. मृदंगवाद्याचे कान बुवांच्या आवाजाकडे असतात आणि हात स्वतःच्या वाद्यावर. ऐकायचे एकाचे आणि कमी करायचे दुसऱ्याला, एवढीच ती युक्ती.

हीच युक्ती विद्युतमंडलाकडून किंवा संगणकाकडून करून घेतली की तिला साईडचेन कॉम्प्रेशन म्हणतात. नाव बोजड आहे. कल्पना कीर्तनातलीच आहे. आज खेड्यातली मुलेही घरच्या संगणकावर गाणी ध्वनिमुद्रित करतात, त्यामुळे हा शब्द त्यांच्या तोंडी असतो. अर्थ मात्र अनेकांना विचारूनही सांगता येत नाही. मलाही तो नीट कळला तो एका माजी विद्यार्थ्याच्या अडचणीमुळे.

हा विद्यार्थी नेवासे तालुक्यातला. (अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, आमच्या बोलण्यात अजून नगरच आहे.) त्याने आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. जाते केव्हाच अंगणात पालथे पडलेले, त्यामुळे ओव्या नुसत्याच म्हटलेल्या. खोलीच्या भिंतींना गोधड्या लावून प्रतिध्वनी मारला होता, मायक्रोफोन बरा होता, आवाज स्वच्छ आला. मग हौसेने त्याने त्यामागे पेटी भरली, ढोलकी वाजवून घेतली, संगणकातून खर्जाचा बेस गिटारही जोडला. गाणे नातेवाइकांना पाठवले. आजीच्या धाकट्या बहिणीने फोनवर ऐकून सांगितले, “नुसती पेटीच वाजतीय रं. आक्काचं बोलणं कुठंय?”

ही तक्रार साधी नव्हती. ओवीच्या शेवटी बहुधा नाव येते, भावाचे, लेकाचे, कधी गावाचे. ऐकणारीचा जीव त्या नावाशी अडकलेला असतो. या ओव्यांत दोघी बहिणींच्या वारलेल्या भावाचे नाव होते आणि नेमके तेच पेटीच्या सुरात बुडत होते.

नाव का बुडाले, ते आधी पाहू. आपल्या कानातील शंखाकृती नलिकेत, म्हणजे कर्णशंखात, एक पडदा असतो. त्याचा वेगवेगळा भाग वेगवेगळ्या वारंवारतेच्या ध्वनीने जास्त हलतो. दोन ध्वनींची वारंवारता जवळजवळची असेल तर ते पडद्याच्या जवळपास त्याच भागाला हलवतात आणि मोठा ध्वनी लहानाला झाकतो. पेटीच्या पट्ट्यांतून मूळ सुराबरोबर त्याचे पुष्कळ उपस्वर निघतात. बाईच्या आवाजाचे बळ ज्या पट्ट्यात असते तोच पट्टा हे उपस्वर भरून टाकतात. शिवाय स्वर लांब आणि जोरकस, तर त, स, फ यांसारखी व्यंजने अगदी थोडा वेळ टिकणारी आणि दुबळी. शब्द कळतो तो मुख्यतः व्यंजनांवरून. त्यामुळे आजीचा ‘आ’ ऐकू येत होता, पण नाव कोणाचे ते कळत नव्हते.

मग पेटीच कमी का करू नये? त्याने ती करून पाहिली. शब्द कळू लागले, पण दोन ओव्यांमधल्या मोकळ्या जागेत गाणे मेल्यासारखे झाले. पेटी हवी होती. फक्त आजी बोलत असताना ती बाजूला सरायला हवी होती.

येथे कॉम्प्रेसर म्हणजे काय ते पाहावे लागेल. कॉम्प्रेसर म्हणजे आपोआप फिरणारी आवाजाची चकती. त्यात दोन वाटा असतात. एका वाटेने ध्वनीचा संकेत आत येऊन बाहेर जातो. दुसरी वाट बाजूची. तिच्यातून फक्त संकेताची पातळी मोजली जाते आणि ठरलेल्या उंबरठ्यावर ती गेली की मुख्य वाटेवरची चकती मागे फिरवली जाते. ही बाजूची वाट म्हणजेच साईडचेन. साध्या कॉम्प्रेसरमध्ये दोन्ही वाटांना एकच संकेत मिळतो, म्हणजे आवाज स्वतःचे मोजमाप करून स्वतःलाच दाबतो. जुन्या कॅसेट रेकॉर्डरमध्ये अशीच स्वयंचलित सोय असे. वर्ग गप्प झाला की पंख्याची घरघर फुगून येई, हे ज्यांनी पाठ ध्वनिमुद्रित केले असतील त्यांना आठवेल. आता बाजूच्या वाटेला दुसराच संकेत जोडा: मुख्य वाटेत पेटी, बाजूच्या वाटेत आजी. एवढ्या एका जोडणीने कीर्तनातला पेटीवाला तयार होतो.

आकडे घालून पाहू. समजा उंबरठा उणे ३० डेसिबलवर ठेवला आणि आजीचा आवाज उणे १८ वर पोहोचला. तो उंबरठ्याच्या १२ डेसिबल वर गेला. गुणोत्तर ३ : १ असेल तर या १२ चे ४ व्हायला हवेत, म्हणजे ८ डेसिबलची कपात. ही कपात आजीमुळे ठरली, पण लागू झाली पेटीला. पेटी त्या क्षणी मोठी असो वा लहान, ती ८ डेसिबलनेच खाली जाईल. हा मुद्दा मुलांकडून हटकून निसटतो. त्यांना वाटते की पेटी उंबरठा ओलांडेल तेव्हाच दबेल. ८ डेसिबलची घट म्हणजे विद्युतदाब मूळच्या सुमारे ०.४ पट होणे. कानाला ती स्पष्ट कळते. माझ्या विद्यार्थ्याने अखेर गुणोत्तर १.५ : १ वर आणले. १२ चे ८ झाले, कपात ४ डेसिबल, दाब ०.६३ पट. पेटी हलली हे कोणाला कळले नाही आणि नाव मात्र कळले.

खरी खटपट वेळेची झाली. चकती मागे फिरायला लागणाऱ्या वेळेला अटॅक म्हणतात आणि पूर्ववत व्हायला लागणाऱ्या वेळेला रिलीज. रिलीज ६० मिलिसेकंद ठेवल्यावर प्रत्येक अक्षरामागे पेटी वरखाली होऊ लागली, जणू तिला उचकी लागली. दोन सेकंद ठेवल्यावर ओवी संपली तरी पेटी परत येईना. चारशे मिलिसेकंदांच्या आसपास जमले. अटॅक वीस मिलिसेकंद होता, तरी शब्दाचे पहिले व्यंजन पेटीखाली जायचेच, कारण चकती फिरेपर्यंत ते संपून जाई. यावर संगणकात एक गमतीचा उपाय आहे. ध्वनिमुद्रण झालेले असल्यामुळे पुढे काय येणार आहे ते संगणकाला आधीच पाहता येते. तो आजीच्या शब्दाआधी काही मिलिसेकंद पेटी सरकवून ठेवतो. कीर्तनातला मृदंगवादक तरी दुसरे काय करतो? बुवांनी श्वास घेतला की तो समजतो.

आणखी एक अडचण आली. ‘प’ आणि ‘भ’ म्हणताना तोंडातून हवेचा झोत मायक्रोफोनवर आदळे आणि त्या धपक्याने पेटी नको तितकी खाली जाई. उपाय असा की बाजूच्या वाटेत, केवळ त्याच वाटेत, १०० हर्ट्झखालचे सारे गाळून टाकायचे. आजीच्या मूळ आवाजाला त्यामुळे धक्का लागत नाही.

ढोलकी आणि बेस यांचे भांडण वेगळे होते. ढोलकीच्या धुमाचे आणि बेसचे क्षेत्र खर्जातले. दोन्ही एकाच क्षणी आले की नुसता गोळा ऐकू येई. येथे बाजूच्या वाटेत ढोलकी जोडली आणि धुम पडताच बेस किंचित मागे सरकवला. रिलीज लयीवरून ठरवावा लागतो. मिनिटाला ९० मात्रा असतील तर एक मात्रा ६०,००० भागिले ९०, म्हणजे सुमारे ६६७ मिलिसेकंदांची. बेस त्याआधी पूर्ववत झाला पाहिजे. मात्र घाईलाही मर्यादा आहे. ५५ हर्ट्झच्या सुराचे एक आवर्तन १८ मिलिसेकंदांचे असते. चकती त्याहून कमी वेळात वरखाली होऊ लागली तर ती लाटेची उंची न बदलता लाटेचा आकारच बदलते, आणि सूर फाटतो.

ही कपात मुद्दाम अतोनात वाढवली की सगळे गाणे प्रत्येक ठोक्याला श्वास घेतल्यासारखे फुगते आणि बसते. स्वीडनच्या एरिक प्रिड्झ याच्या २००४ मधल्या ‘कॉल ऑन मी’ या गाण्यात हा परिणाम ठळक आहे. आपल्याकडच्या मिरवणुकांतील नाचगाण्यांतही तो ऐकू येतो. दोष म्हणून टाळायची गोष्ट तेथे शैली झाली. मला ती फार वेळ सोसत नाही, पण तो वयाचा भाग असेल.

आता वर्गात करता येईल असा प्रयोग. १९६० च्या दशकात जिम लॉरेन्स या अमेरिकन अभियंत्याने टेलीट्रॉनिक्स एलए-२ए नावाचा कॉम्प्रेसर बनवला. त्यात संकेताने एक प्रकाशपट्टी उजळे आणि तिच्या उजेडाने प्रकाशसंवेदी रोधाचा रोध बदलून आवाज कमी होई. त्याची गावठी आवृत्ती आपण करू. बॅटरीवर चालणारे दोन लहान स्पीकरचे डबे घ्या, आतच ॲम्प्लिफायर असलेले. पहिल्या डब्यात एका फोनवरून बोलणे वाजवा. त्याच्या स्पीकरच्या दोन टोकांना १०० ओहमचा रोध आणि लाल एलईडी एकसर जोडून समांतर लावा. दुसऱ्या फोनवरून दुसऱ्या डब्यात पेटी वाजवा, पण तिच्या वायरीत (एकच बाजू वापरा) मध्ये १० किलोओहमचा रोध घाला आणि त्या रोधापुढून जमिनीच्या तारेपर्यंत एक प्रकाशसंवेदी रोध जोडा. एलईडी आणि प्रकाशसंवेदी रोध समोरासमोर ठेवून काळ्या कागदाच्या नळीत बंद करा.

अंधारात प्रकाशसंवेदी रोध १ मेगाओहमच्या आसपास असेल, म्हणून पेटी जवळजवळ पूर्ण पुढे जाईल. बोलण्याने एलईडी उजळून रोध समजा ५ किलोओहमवर आला, तर पुढे जाणारा भाग ५ भागिले १५, म्हणजे एक तृतीयांश. साडेनऊ डेसिबलची घट. हळू बोलले तर पेटी ढळतच नाही, कारण लाल एलईडीला पेटायला सुमारे १.८ व्होल्ट लागतात. उंबरठा आपोआपच मिळाला! प्रकाशसंवेदी रोध उजेडात लवकर उतरतो आणि अंधारात सावकाश चढतो, त्यामुळे अटॅक आणि रिलीजही फुकट. दोन मंडलांमध्ये तारेचा संबंध नाही, फक्त उजेडाचा आहे, हेही मुलांना दाखवा. नळी उघडून मध्ये पोस्टकार्ड सरकवले की पेटी बोलण्याकडे लक्ष देईनाशी होते. मुलांना हे फार आवडते.

संगणक असेल तर ऑडॅसिटी या मोफत प्रणालीत ‘ऑटो डक’ नावाची सोय आहे. पेटीची पट्टी वर, आवाजाची पट्टी तिच्या लगेच खाली ठेवून पेटी निवडायची. तीत गुणोत्तर नसते, ठरावीक डेसिबलची कपात असते. आपण न बदलल्यास ती १२ डेसिबल करते आणि ओव्यांना तेवढी फार होते.

जीवशास्त्राच्या शिक्षकांनाही येथे काही आहे. मोठ्या आवाजाने आपल्या मध्यकर्णातला एक चिमुकला स्नायू आखडतो आणि रिकीब या हाडाला ओढून धरतो; आत जाणारा ध्वनी, विशेषतः खालच्या वारंवारतेचा, कमी होतो. हा झाला साधा कॉम्प्रेसर. पण आपण स्वतः बोलणार असलो तर हा स्नायू आवाज निघण्यापूर्वीच आखडू लागतो. बोलण्याची आज्ञा देणारा मेंदू कानालाही वर्दी देतो. वटवाघळात तर ही सोय कमालीची चोख आहे. ओ. डब्ल्यू. हेन्सन यांनी १९६५ मध्ये दाखवले की प्रत्येक चीत्काराच्या आधी त्याच्या मध्यकर्णाचा स्नायू आखडतो आणि लगेच सैल होतो. म्हणजे स्वतःच्या किंकाळीने कान बधिर होत नाही आणि क्षणात परतणारा क्षीण प्रतिध्वनी मात्र ऐकू येतो. अटॅक, रिलीज आणि पुढचे आधी कळणे, तिन्ही त्यात आले.

नवे गाणे पाठवल्यावर धाकट्या आजींचा फोन आला तो भावाच्या नावानेच सुरू झाला. त्यानंतर त्या विद्यार्थ्याने माझ्याकडे एक जुनी कॅसेट आणली. पणजी दळता दळता गाते आहे आणि जात्याची घरघर सगळ्यावर पसरली आहे. “सर, आता जातं मागं सारू.” येथे मात्र साईडचेन हात टेकते. घरघर आणि गळा एकाच मायक्रोफोनमधून एकाच पट्टीवर उतरले आहेत. मुख्य वाटेत जे आहे तेच बाजूच्या वाटेत, मग दाबायचे कोणाला? आवाज आणि वाद्ये वेगळी काढणाऱ्या नव्या संगणकप्रणाल्या त्याने लावून पाहिल्या. जात्याबरोबर त्यांनी पणजीची व्यंजनेही दळून टाकली. कॅसेटची एक स्वच्छ प्रत करून आम्ही ती तशीच ठेवली. कान लावून ऐकले तर खुंटा पुढे येताना घरघर वाढते, मागे जाताना उतरते, आणि बरेचसे शब्द त्या उताराच्या जागीच पडलेले आहेत.