बाई निवडणुकीला उभ्या राहतात

‘बोर्ड’ हा शब्द आपल्या घरात दहावीच्या वर्षी फार ऐकू येतो. बोर्डाची परीक्षा, बोर्डाचे वेळापत्रक, बोर्डाचा निकाल! हे बोर्ड म्हणजे परीक्षा घेणारे राज्य मंडळ. त्याचे सदस्य कोण आहेत हे आपल्याला सहसा ठाऊक नसते आणि आपण त्यांना मते देऊन निवडतही नाही. अमेरिकेत मात्र ‘स्कूल बोर्ड’ ही निराळीच गोष्ट आहे. तेथे ते त्या त्या भागाचे शाळा मंडळ असते आणि बहुतेक ठिकाणी त्याचे सदस्य लोकांनी मते देऊन निवडलेले असतात.

अमेरिकेत शाळांच्या कारभारासाठी देशाचे लहानमोठे विभाग पाडलेले आहेत. त्यांना शाळा जिल्हे म्हणतात. असे सुमारे १३,००० जिल्हे आहेत. एखाद्या जिल्ह्यात दोनचार शाळा असतात, तर एखाद्यात शेकडो. प्रत्येक जिल्ह्याचा कारभार एक मंडळ पाहते. त्यात बहुधा पाच ते नऊ सदस्य असतात. शाळांवर किती पैसे खर्च करायचे, नवी इमारत कोठे बांधायची, मुलांना आणण्यासाठी बस कोणत्या रस्त्याने न्यायची, शिक्षकांना पगार किती द्यायचा, असे प्रश्न हे मंडळ सोडवते. जिल्ह्याचा मुख्य शिक्षणाधिकारीही मंडळच नेमते. शाळांचा बराचसा खर्च लोकांनी भरलेल्या घरपट्टीसारख्या करांतून चालतो. केंद्र सरकारचा वाटा त्या मानाने लहान असतो. ज्याच्या घरात शाळेत जाणारे मूल नाही, तोही कर भरतोच. म्हणून शाळेच्या कारभारात त्यालाही मत असते.

ही पद्धत फार जुनी आहे. मॅसॅच्युसेट्स ही इंग्रजांची वसाहत होती तेव्हा, १६४७ साली, तेथे एक कायदा झाला. पन्नास घरे असलेल्या गावाने मुलांना लिहायला-वाचायला शिकवणारा एक शिक्षक नेमावा, असे त्यात म्हटले होते. शाळा गावाची, तेव्हा तिची काळजीही गावानेच घ्यायची, ही कल्पना तेथूनच रुजली.

या मंडळाच्या निवडणुकीला कोण उभे राहते? दुकानदार, वकील, शेतकरी, मुलांच्या आया, सर्वच. त्यांत निवृत्त शिक्षकही असतात. नोकरीत असलेल्या शिक्षकाला मात्र बहुतेक राज्यांत आपल्याच जिल्ह्याच्या मंडळावर बसता येत नाही. याचे कारण सरळ आहे. शिक्षकांचा पगार मंडळ ठरवते. जो पगार घेणार, त्यानेच तो ठरवायचा, हे बरे दिसत नाही. शिक्षकाला मंडळावर यायचे असेल तर त्याने आधी ती नोकरी सोडली पाहिजे, किंवा निवृत्त झाले पाहिजे.

निवृत्त शिक्षक उभा राहिला की त्याला एक फायदा असतो. गावातल्या निम्म्या मतदारांना त्याने कधीतरी पाढे शिकवलेले असतात! पण त्याला एक अवघड प्रश्नही हमखास विचारला जातो : “तुम्ही मुलांची बाजू घ्याल की आपल्या जुन्या सहकाऱ्यांची?” या प्रश्नाचे उत्तर त्याला घरोघर जाऊन, सभांत उभे राहून, पुन्हा पुन्हा द्यावे लागते. या निवडणुका बहुतेक ठिकाणी पक्षाच्या चिन्हावर लढवल्या जात नाहीत. अर्ज भरायचा, ठरलेल्या संख्येइतक्या मतदारांच्या सह्या गोळा करायच्या, खर्चाचा हिशेब द्यायचा, आणि मग दारोदार फिरायचे. मतदानाला फार थोडे लोक येतात, त्यामुळे थोड्या मतांनीही निकाल फिरतो.

निवडून आल्यावर आणखी एक अडचण येते. वर्गात शिक्षकाचा शब्द चालतो. मंडळात मात्र तो अनेकांपैकी एक असतो. एकट्या सदस्याला कसलाही हुकूम देता येत नाही. मंडळाची सभा सर्वांसमोर भरते. तेथे बहुमताने जे ठरेल, तोच निर्णय. जुन्या शाळेत जाऊन “हा धडा असा शिकवा” असे सांगण्याचा अधिकार त्याला नसतो. माझ्या मते, माजी शिक्षकांना हीच गोष्ट सर्वांत जड जात असावी.

येथवर सारे ठीक वाटते. लोक मते देतात, मंडळ निवडतात, मंडळ शाळा चालवते. पण गावातील निम्म्या लोकांना मतच देऊ दिले नाही तर? अमेरिकेच्या दक्षिण भागात अनेक वर्षे तसेच घडत होते. तेथे गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या होत्या. मंडळावर गोरेच असत आणि पैसाही गोऱ्या मुलांच्या शाळांकडे वळत असे. साउथ कॅरोलायना राज्यातील क्लॅरेंडन परगण्यात गोऱ्या मुलांना शाळेत नेण्यासाठी बसगाड्या होत्या. कृष्णवर्णीय मुलांना एकही नव्हती. त्यांच्या पालकांनी आधी फक्त एक बस मागितली होती. ती मिळाली नाही, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. असेच आणखी काही दावे एकत्र होऊन देशाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आले. १७ मे १९५४ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की वर्णावरून मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे घटनेच्या विरुद्ध आहे. हा खटला ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यातील ‘बोर्ड’ म्हणजे कॅन्सस राज्यातील टोपीका या शहराचे शाळा मंडळच होय.

याच साउथ कॅरोलायना राज्यातील एका शिक्षिकेची हकिकत आता सांगायची आहे. त्यांचे नाव सेप्टिमा क्लार्क. त्यांचा जन्म ३ मे १८९८ रोजी चार्ल्सटन या शहरात झाला. त्यांचे वडील गुलाम म्हणून जन्मले होते. आई लोकांचे कपडे धुऊन संसार चालवत असे. मुलगी शिकली, १९१६ साली तिने शिक्षण पूर्ण केले आणि ती शिक्षिका झाली. पण चार्ल्सटनच्या सरकारी शाळांत तेव्हा कृष्णवर्णीय शिक्षकांना घेत नसत. म्हणून त्यांना जॉन्स आयलंड या जवळच्या बेटावर जावे लागले. तेथे होडीतून जावे लागे.

बेटावरील त्यांच्या शाळेत १३२ मुले आणि दोन शिक्षिका होत्या. समोरच गोऱ्या मुलांची शाळा होती. तिच्यात एक शिक्षिका आणि तीन मुले! तरी त्या शिक्षिकेचा पगार सेप्टिमाबाईंच्या पगाराच्या दुपटीहून अधिक होता. बाईंच्या वर्गात धड फळाही नव्हता. धोब्याकडचे कपडे ज्या कागदी पिशव्यांत घालून देतात, त्या पिशव्यांवर त्या मुलांनी सांगितलेल्या गोष्टी लिहीत आणि तेच मुलांचे वाचनपाठ होत.

काही वर्षांनी त्या चार्ल्सटनला परतल्या आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या सभासद झाल्या. या संघटनेला ‘एन.ए.ए.सी.पी.’ म्हणतात. शहरातील सरकारी शाळांत कृष्णवर्णीय शिक्षक नेमावेत, अशा अर्जावर त्यांनी घरोघर जाऊन सह्या घेतल्या. १९२० साली ती मागणी मान्य झाली. पुढे कोलंबिया या शहरात शिकवत असताना समान कामाला समान पगार मिळावा म्हणून १९४५ साली जो दावा लढवला गेला, त्यातही त्यांनी मदत केली.

१९५६ साली राज्याच्या विधिमंडळाने एक कायदा केला. सरकारी किंवा नगरपालिकेच्या नोकराने या संघटनेचे सभासद असू नये, असा तो कायदा होता. पुष्कळ शिक्षकांनी भीतीने सभासदत्व लपवले. सेप्टिमाबाईंनी लपवले नाही. त्यांची नोकरी गेली. निवृत्तिवेतनही गेले. तेव्हा त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या आणि जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी शिकवले होते.

त्यांनी ७२६ कृष्णवर्णीय शिक्षकांना पत्रे लिहिली : या कायद्याविरुद्ध आपण एकत्र बोलू या. उत्तरे आली २६. अधिकाऱ्यांना भेटायला येतो असे ११ जणांनी कळवले. प्रत्यक्ष आले पाच. एका महिला मंडळाने बाईंच्या मदतीसाठी समारंभ केला, पण त्यांच्याबरोबर छायाचित्र काढून घ्यायला सभासद तयार होईनात. छायाचित्र कोणी पाहिले तर आपलीही नोकरी जाईल, असे त्यांना वाटे. त्यांना भित्रे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्यांच्याही घरी चूल होती आणि मुले होती.

बाई टेनेसी राज्यातील ‘हायलँडर’ नावाच्या लोकशाळेत गेल्या. ही प्रौढांची शाळा होती. तेथे गोरे आणि कृष्णवर्णीय एकाच टेबलाशी बसून जेवत आणि शिकत. १९५५ च्या उन्हाळ्यात रोझा पार्क्स तेथील शिबिराला आल्या होत्या. ते शिबिर सेप्टिमाबाईंनीच चालवले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये माँटगोमेरीत रोझा पार्क्स यांनी बसमधील आपली जागा सोडायला नकार दिला.

आता पुन्हा शाळा मंडळाकडे वळू. जॉन्स आयलंडवर ईसॉ जेंकिन्स नावाचे एक बसवाले राहत. बेटावरची माणसे ते शहरात पोचवत. १९५४ साली ते शाळेच्या विश्वस्तपदासाठी निवडणुकीला उभे राहिले आणि हरले. त्यांच्या बाजूची माणसे पुष्कळ होती, पण त्यांतील मतदार थोडे होते. मतदार यादीत नाव घालायचे तर राज्यघटनेतील एक भाग अधिकाऱ्याला वाचून दाखवावा लागे. ज्यांना शाळाच मिळाली नव्हती, ते काय वाचणार? चांगली शाळा हवी तर मंडळावर आपला माणूस हवा. त्याला निवडून आणायचे तर मत हवे. मतासाठी वाचता यायला हवे आणि वाचायला शिकण्यासाठी शाळा हवी. असे हे चक्र होते.

ते तोडण्यासाठी जेंकिन्स, सेप्टिमाबाई आणि हायलँडरचे लोक यांनी जानेवारी १९५७ मध्ये बेटावर प्रौढांचा वर्ग सुरू केला. पुढच्या खोलीत किराणा माल मांडला आणि मागच्या खोलीत वर्ग भरवला. बाहेरून पाहणाऱ्याला ते दुकानच वाटावे, अशी ती युक्ती होती. शिकवायला बर्निस रॉबिन्सन यांना घेतले. त्या बाईंच्या नात्यातल्या होत्या आणि त्यांचा धंदा केशरचनेचा होता. त्या शिक्षिका नव्हत्या, हे मुद्दामच पाहिले होते. शिकलेल्या माणसांना अडाणी प्रौढांशी बरोबरीने बोलता येत नाही, असा सेप्टिमाबाईंचा अनुभव होता.

पहिल्या वर्गात चौदा जण होते. जाड पुठ्ठ्यावर त्यांची नावे लिहून दिली जात आणि ती पेन्सिलीने पुन्हा पुन्हा गिरवून त्यांचा हात वळवला जाई. मनिऑर्डरचा फॉर्म, वाण्याचा हिशेब, वर्तमानपत्र आणि घटनेतील तो भाग, हीच त्यांची पाठ्यपुस्तके. अशा वर्गांना पुढे ‘नागरिकत्व शाळा’ म्हणू लागले. १९६१ साली हे काम मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे आले आणि दक्षिणेतील राज्याराज्यांत पसरले. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने तेथील ती वाचनाची अट उठवली.

सेप्टिमाबाई १९७० साली त्या संघटनेतून निवृत्त झाल्या. आता तरी त्या घरी स्वस्थ बसतील असे कोणालाही वाटले असते. पण पंचाहत्तरी उलटल्यावर त्या चार्ल्सटनच्या शाळा मंडळाच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. १९५६ साली याच शहरातील शाळेतून त्यांना काढून टाकले होते. आता मतदार यादीत त्यांच्यासारख्यांची नावे होती. १९७५ साली त्या निवडून आल्या आणि पुढे दोन मुदती त्यांनी मंडळावर काम केले.

त्या मंडळावर असतानाच, १९७६ साली, राज्याच्या गव्हर्नरांनी जाहीर केले, की त्यांना वीस वर्षांपूर्वी अन्यायाने काढले होते. त्यांचे निवृत्तिवेतन पुन्हा सुरू झाले. बुडालेल्या पगाराची भरपाई मात्र त्यांना मागून, भांडून घ्यावी लागली. ती पुढे मिळाली.