काम डोक्यात शिरताना

‘लक्षच नसतं तुझं!’ मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस असलेल्या माणसाला घरात हे वाक्य फार वेळा ऐकावं लागतं. अडखळणारा पाय सगळ्यांना दिसतो, अडखळणारी स्मृती दिसत नाही. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा चेतातंतूंवरच्या मायलिन या आवरणावरच हल्ला चढवते. वायरीवरचं प्लास्टिक सोललं जावं तसं होतं आणि संदेश रेंगाळतात. फ्रान्सच्या शार्को या डॉक्टरांनी १८६८ साली हा आजार नीट मांडला. रुग्णांची स्मृती मंदावते, हेही त्यांच्या व्याख्यानांत आलं आहे. तरी पुढे शंभरेक वर्षं डॉक्टरांचं लक्ष हातापायांवरच राहिलं. आज आपल्याला माहीत आहे, की साधारण निम्म्या रुग्णांना स्मृती किंवा विचारांच्या वेगाचा त्रास होतो.

१९९० च्या दशकात अमेरिकेत जॉन डेलुका आणि सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. शब्दांची यादी पाठ होईपर्यंत रुग्णांना ती पुन्हा पुन्हा दिली. त्यांना जास्त फेऱ्या लागल्या. पण एकदा यादी पक्की झाल्यावर त्यांना ती निरोगी माणसांइतकीच आठवली. म्हणजे बऱ्याच जणांची अडचण आठवण्यापेक्षा शिकण्याच्या क्षणी असते. मला या संशोधनातली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट हीच वाटते, कारण त्या क्षणी काहीतरी करता येतं.

काय करायचं, ते न्यू जर्सीच्या केसलर फाउंडेशनमधल्या नॅन्सी कियारावालोटी यांनी दाखवलं. ८६ रुग्णांवरचा त्यांचा प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. पाच आठवड्यांत दहा सत्रं: आधी शब्दांची चित्रं डोळ्यांपुढे आणायची, मग त्यांची गोष्ट गुंफायची, शेवटी तेच रोजच्या कामांना लावायचं. प्रशिक्षण घेतलेल्यांचं शिकणं सुधारलं, रोजच्या व्यवहारातली स्मृतीही.

समजा, बेंगळुरूच्या येलहंका न्यू टाउनमधल्या एका मराठी घरातल्या बाईंना आज तीन कामं आहेत: नंदिनी डेअरीचं दूध आणायचं, वीजबिल भरायचं, जाऊबाईंना फोन करायचा. त्यांनी डोळे मिटून पाहायचं, की जाऊबाई दारात उभ्या आहेत, हातातली दुधाची पिशवी फुटली आहे आणि वीजबिल भिजून चिंब झालंय. चित्र थोडं विचित्र असलं, तर अनेकदा जास्त लक्षात राहतं. मात्र ते त्यांचं त्यांनीच रचायला हवं. दुसऱ्यानं तयार करून दिलेल्यापेक्षा स्वतः घडवलेलं जास्त टिकतं, हे १९७८ पासून प्रयोगांनी दाखवलं आहे.

ठरावीक वेळी करायच्या कामांचं थोडं वेगळं. ‘सहा वाजता एमएसचं इंजेक्शन फ्रिजबाहेर काढायचं’ हे निसटतं, कारण घड्याळाकडे आपणहून बघावं लागतं. ‘देवापुढे दिवा लावला, की इंजेक्शन बाहेर’ असं ठरवलं, तर दिवाच आठवण करून देतो. मोबाइलचा गजर लावायचा तर त्यावर कामाचं नावही लिहावं. नुसती घंटी वाजली, की ती कशासाठी, हेच आठवत नाही.

उकाडाही जमेस धरावा. अंग तापलं, की एमएसची लक्षणं तात्पुरती वाढतात. श्रमांनंतर रुग्णांची नजर तात्पुरती अंधुक होते, हे उटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० सालीच टिपलं होतं. मार्च-एप्रिलची दुपार बेंगळुरूतही सोसत नाही, तेव्हा डोक्याची कामं सकाळी उरकलेली बरी. त्रास वाढत असेल, तर न्यूरॉलॉजिस्टना तसं स्पष्ट सांगून स्मृतीची तपासणी मागून घ्यावी. येलहंकाहून शहर ओलांडून जावं लागलं, तरी मेंदूच्या आजारांवर उपचार करणारी निम्हान्ससारखी संस्था याच शहरात आहे.

घरच्यांनी एवढं करावं: स्वयंपाकघरातून ओरडून चार कामं सांगू नयेत. टीव्ही बंद करावा, समोर बसून एकेक सांगावं आणि ‘काय ठरलं आपलं?’ असं विचारून रुग्णाच्याच तोंडून ऐकावं. थोड्या वेळानं पुन्हा एकदा विचारावं.