मसल कारचा एक्झॉस्ट : पूर्ववत करता येणारा बदल

अमेरिकेतील मसल कारचा मालक एक्झॉस्ट बदलतो तो मुख्यतः आवाजासाठी. शक्तीतील वाढ बहुधा नाममात्रच असते. २००५ ते २०१४ च्या फोर्ड मस्टँग जीटीचे सायलेन्सर मागील एक्सलच्याही मागे, क्लॅम्प व रबरी हँगरच्या आधारे बसविलेले असतात. त्यामुळे तेवढाच भाग बदलल्यास नळी कापावी लागत नाही आणि मूळ सायलेन्सर जपून ठेवल्यास गाडी विकताना ते पुन्हा बसविता येतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मात्र हात लावू नये. तो काढणे तेथील संघीय कायद्याने निषिद्ध आहे. कॅलिफोर्नियात प्रवासी मोटारींच्या एक्झॉस्टसाठी ९५ डेसिबलची मर्यादाही आहे. तथापि निवडीची खरी कसोटी महामार्गावर लागते. दुकानाच्या दारात रुबाबदार वाटणारा आवाज स्थिर वेगात सतत घुमू लागला, की तासाभरात नकोसा होतो.